न्यूरेम्बर्गचा बर्फ आणि एक रिकामे ताट

डिसेंबरची एकवीस तारीख. फजरसाठी उठलो तेव्हा घड्याळात सव्वासहा वाजले होते आणि बाहेर चांगलाच अंधार होता. तरी पडद्याच्या कडेने एक फिकट उजेड आत येत होता. पडदा बाजूला केला आणि आम्ही दोघेही क्षणभर वुजूचे विसरलो. रात्रभर बर्फ पडला होता. समोरची झाडे, उभ्या मोटारी, सायकली, कचऱ्याचे डबे सगळे एकाच रंगाचे झाले होते. मिरजेत जन्म गेलेल्या माणसाने बर्फ पाहिलेला असतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. असा आकाशातून उतरलेला, आवाज न करणारा बर्फ आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. धाकटी बहीण लग्नानंतर जर्मनीत न्यूरेम्बर्गला राहते. तिला दुसरे बाळ झाले, अम्मीच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपेना, म्हणून रजा मंजूर करून घेऊन आम्हीच निघालो. बाळंतिणीला हरीरा करून द्यायचा, बाळाला न्हाऊ-माखू घालायचे आणि सात वर्षांच्या भाच्याला शाळेत सोडायचे-आणायचे, एवढेच काम. जाताना बॅगेत डिंक, खारीक, सुंठ आणि अम्मीने कुटून दिलेला गरम मसाला होता. हा मसाला तिथे कुणाच्या ताटात जाणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

न्यूरेम्बर्ग हे बव्हेरिया राज्यातले जुने तटबंदीचे शहर. वर किल्ला, खाली पेग्निट्झ नदी. नाताळच्या आधीचे चार आठवडे इथल्या मुख्य चौकात बाजार भरतो. लाकडी टपऱ्या आणि त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी छपरे. या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा १६२८ सालचा आहे म्हणतात. आम्ही दोनदा गेलो. साखरेत घोळून भाजलेल्या बदामांचा वास, तव्यावरच्या सॉसेजचा वास, गरम मद्याच्या वाफा. आपल्यासाठी त्यातले बदाम तेवढे चालणारे. मुलांसाठी फळांच्या रसाचे, दारू नसलेले गरम पेय मिळते, ते भाच्याने मागून घेतले आणि कप हातात देताना दुकानदाराला दोनदा विचारलेही, "यात दारू नाही ना?" सात वर्षांच्या पोराला विचारायची लाज वाटत नाही, हे तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवे होते.

त्याच चौकाची आणखी एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा चौक जिथे आहे तिथे पूर्वी यहुद्यांची वस्ती होती. १३४९ च्या डिसेंबरमध्ये ती उद्ध्वस्त केली गेली, पाचशेहून अधिक माणसे मारली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बाजाराचा चौक झाला. त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या जागी चर्च उभे राहिले. रोषणाईत उभे राहून मेहुण्यांनी हे सांगितले तेव्हा हातातले बदाम तसेच राहिले. शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला की काय होते, हे कळायला फार लांब जावे लागत नाही.

आता त्या ताटाची गोष्ट.

बहीण राहते त्या इमारतीत सहा घरे. तळमजल्यावर एक आजीबाई एकट्या राहतात. वय चौऱ्याऐंशी. नवरा वारलेला, मुलगा दूर कॅनडात. बहीण या घरात राहायला आल्यापासून दर डिसेंबरात आजीबाई एक ताट घेऊन वर येत. ताटात घरी केलेली नाताळची बिस्किटे. आपल्याकडे दिवाळीला शेजारून फराळाचे ताट येते आणि ईदेला आपल्याकडून शीरखुर्म्याचे पातेले जाते, तसेच. मिरजेत मिशन हॉस्पिटलमुळे ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ. त्यांच्या घरून नाताळला करंज्या-शंकरपाळ्या खाऊनच आम्ही मोठे झालो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच आम्ही बहिणीला सहज विचारले, "शेजारच्या आजीबाईंचं ताट आलं नाही अजून?"

ती काही बोलली नाही. बाळाला पाजत खाली मान घालून बसली. आदल्या रात्री, हरीऱ्याचा पेला हातात दिला तेव्हा तिने सांगितले.

"आपा, चार वर्षं त्या ताट देत होत्या. चारही वर्षं मी ते टाकून दिलं."

का, तर इथल्या नाताळच्या पदार्थांत रम घालतात, काही लोक डुकराची चरबीही वापरतात, असे तिला पहिल्याच वर्षी कुणीतरी सांगितले. भीती खोटी नव्हती. पण विचारायचे कसे? भाषा तेव्हा धड येत नव्हती आणि एवढ्या प्रेमाने आणलेल्या ताटाची झडती घ्यायला लाज वाटली. मग हसून ताट घ्यायचे, "फार छान" म्हणायचे, रात्री अंधारात खाली जाऊन ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात रिकामे करायचे आणि ताट धुऊन परत द्यायचे. डबा सगळ्या इमारतीचा एकच.

"यंदा ताट आलं नाही. बाळ झाल्यावर दाराच्या कडीला लोकरीचे विणलेले मोजे अडकवून गेल्या. पण खायचं काही नाही. आपा, त्यांनी पाहिलं असणार."

आम्ही तिला काय सांगणार? अन्न टाकले याचे दुःख होते, पण त्याहून जास्त खुपले ते "फार छान". आयुष्यभर वर्गात सांगत आलो की कळले नाही तर हात वर करा, विचारा. आणि आमच्याच घरातली मुलगी चार वर्षे एक प्रश्न विचारू शकली नाही. खरे सांगायचे तर तिच्या जागी असतो तर आम्हीही कदाचित हेच केले असते.

तर असा तो बर्फाचा दिवस उजाडला. जर्मनीत बर्फ पडला की घरासमोरची पायवाट सकाळीच साफ करावी लागते. कुणी घसरून पडले तर जबाबदारी घरात राहणाऱ्यांवर येते. इमारतीत त्याची पाळी लावलेली असते आणि त्या आठवड्यात पाळी बहिणीच्या घराची होती. मेहुणे कामावर गेले होते, बाळंतीण बाहेर पडू शकत नव्हती. मग रुंद फावडी घेऊन आम्ही दोघे उतरलो, मागे भाचा. दहा मिनिटांत आमची दमछाक झाली. बर्फ उचलून बाजूला टाकावा तर वाऱ्याने अर्धा परत अंगावर. हातमोज्यांतून पाणी झिरपू लागले.

तळमजल्याचे दार उघडले. आजीबाई जाड कोट घालून बाहेर आल्या. आमच्याकडे पाहून मान हलवली, फावडे आमच्या हातातून घेतले आणि दाखवले की बर्फ उचलायचा नसतो, पुढे ढकलत न्यायचा असतो. मग कोपऱ्यातल्या पेटीतून बारीक खडी आणून वाटेवर पसरायला लावली. अर्ध्या तासात वाट मोकळी झाली. भाचा मध्ये उभा राहून इकडचे तिकडे सांगत होता.

आम्ही म्हणालो, "आजींना सांग, वर चहा प्यायला या."

त्याने सांगितले. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, येते, पण थोडाच वेळ, ओव्हन तापत ठेवलाय.

बहिणीने त्यांना पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. आले-वेलदोड्याचा चहा झाला. आजीबाईंनी बाळाला मांडीवर घेतले, मोजे पायात आहेत हे पाहिले आणि हसल्या. बहीण आता बरी जर्मन बोलते. तिने कसेबसे सुरू केले की मागच्या वर्षीची बिस्किटे, म्हणजे आमच्याकडे गोड फारसे खात नाहीत... तेवढ्यात भाचा मध्येच बोलला. जर्मनमध्ये बोलला, पण खोलीत पसरलेल्या शांततेवरून काय बोलला ते आम्हाला कळले. नंतर त्यानेच आम्हाला सांगितले. तो म्हणाला होता, "आम्ही ती टाकून दिली, कारण त्यात रम आणि डुक्कर असेल तर आम्हाला चालत नाही. अम्मीला विचारायला लाज वाटत होती."

आजीबाई बराच वेळ बाळाच्या पायाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे. गेल्या वर्षी डब्याचं झाकण उघडलं तर वरच माझ्या चांदण्या होत्या. मला वाटलं, माझ्या हातचं तुम्हाला नको आहे."

बहीण रडू लागली. तिने सांगितले की असे मुळीच नाही. आमच्या धर्मात तुमच्या लोकांच्या हातचे खायला मनाई नाही, काही ठरावीक जिन्नस तेवढे वर्ज्य आहेत. आणि खोटे बोलणे तर त्याहून वर्ज्य, ते मात्र मी केले. मला माफ करा.

आजीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. आणि मग जे म्हणाल्या ते ऐकून बहीण रडता रडता हसली. दर ईदेला ती त्यांना मोठा वाडगा भरून शीरखुर्मा द्यायची. "ती तुमची दुधाची खीर," आजीबाई म्हणाल्या, "मला दूध पचत नाही. चार वर्षं मी ती बेसिनमध्ये ओतली आणि तुला सांगितलं, फार छान."

दोन्ही घरांतून सारखेच अन्न वाया गेले होते आणि दोन्ही घरांतून सारखेच शब्द आले होते. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. गंभीर होऊन म्हणाल्या, "तरी कचऱ्यातल्या चांदण्या पाहून मला वाईट वाटलं होतं. ते एकदा बोलायचं होतं, बोलले." मग उठल्या आणि म्हणाल्या, "ओव्हन तापलाय. खाली चला. आधी सगळी पाकिटं वाचा, मग करू."

बहीण बाळाला घेऊन खुर्चीत बसली. ओट्याशी आम्ही दोघे, भाचा आणि आजीबाई. खिडकीबाहेर पुन्हा बर्फ भुरभुरू लागला होता. ओट्यावर एकेक पाकीट आले आणि भाचा मोठ्याने वाचू लागला. बदामाची पूड, हेझलनटची पूड, साखर, अंडी, साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या आणि लिंबाच्या साली. लोणी गाईच्या दुधाचे, चरबी कुठेच नाही. एका पुडीवर त्याने नाव वाचले आणि दचकला: हिरणाच्या शिंगाचे मीठ! आजीबाई हसल्या. पूर्वी खरेच शिंगांपासून करत, आता कारखान्यात होते, अमोनियाचा क्षार आहे, नाव तेवढे जुने राहिले. पुडी हुंगून पाहिली तर डोळ्यांत पाणी आले. शेवटी मनुकांची बरणी. "यात रम आहे," त्या स्वतःच म्हणाल्या आणि ती कपाटात परत ठेवली. दुसऱ्या मनुका सफरचंदाच्या रसात भिजत घातल्या.

पहिला पदार्थ लेबकुखेन. हा या शहराचा मान. न्यूरेम्बर्गचा लेबकुखेन म्हणून विकायचा तर तो याच शहरात झालेला असावा लागतो, १९९६ पासून युरोपात या नावाला तसे संरक्षण आहे. त्यातला सर्वांत उंची प्रकार एलिझेन. त्यात किमान पाव भाग बदाम-हेझलनटसारखा सुकामेवा हवा आणि पीठ फार तर दहा टक्के. आजीबाई पीठ घालतच नाहीत. पाच अंडी आणि पाव किलो साखर फेसायची, त्यात अर्धा किलो बदाम-हेझलनटची पूड, मुरवलेल्या साली बारीक चिरून आणि मसाला. आणि मसाला कोणता? दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, धने, सुंठ. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा तर आमच्या बॅगेतला डबा!

आधी मुलाबाळांसारखे हसू आले, मग विचार करू लागलो. त्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल आहे, १४९२ सालचा, आज अस्तित्वात असलेल्यांत सर्वांत जुना. त्यावर अमेरिका नाही, पण पूर्वेकडून येणारा मसाला किती हातांतून, किती जकाती भरत इथे पोहोचतो आणि म्हणून किती महाग पडतो, याची नोंद आहे. त्या काळी मलबारच्या किनाऱ्यावरून अरब व्यापारी मसाला नेत, तांबड्या समुद्रातून तो इजिप्तला जाई, तिथून व्हेनिसला आणि मग आल्प्स ओलांडून या शहरात. शहराभोवतीच्या जंगलात मध भरपूर होता. मध इथला, मसाला आपल्याकडचा आणि मधली वाट मुसलमान व्यापाऱ्यांची. अशा पदार्थाला आपण परका म्हणत होतो.

लेबकुखेनच्या तळाशी कागदासारखी पातळ पांढरी चकती लावतात. चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात ती अशीच असते, हे बहिणीला माहीत होते. तिने या वेळी सरळ विचारले. आजीबाई म्हणाल्या, "पूर्वी मठातले लोक पीठ चिकटू नये म्हणून तीच वापरत, असं म्हणतात. ही दुकानातली आहे, पीठ आणि स्टार्च. हिच्यावर कुणी काही म्हटलेलं नाही." बहिणीने मान डोलावली. एका प्रश्नाचे काम एका वाक्यात झाले. चकत्यांवर मिश्रण पसरून ते सुकायला ठेवले. दोन-तीन तास तरी सुकले पाहिजे, नाहीतर वरून छान दिसते आणि आत चिकट राहते.

तोवर दुसरे पीठ मळले. मैदा, लोणी, साखर, बदामाची पूड, अंडे नाही. हाताला लागताच आठवण झाली नानकटाईची. लहानपणी ईदेच्या आधी घरून मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे, रांगेत तासन्‌तास बसायचे आणि पत्र्याचा गरम डबा उराशी धरून परत यायचे. हे तेच पीठ, पण आकार चंद्रकोरीचा. भाच्याने पहिली कोर वळली आणि ओरडला, "खाला, ईदचा चाँद!" तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता, त्याची आठवण म्हणून ही कोर आली, अशी एक कथा इकडे सांगतात. पण असा पाव व्हिएन्नात त्याच्या कितीतरी आधीपासून होता. कथा खोटी असली तरी आमच्या भाच्याचा चाँद खरा होता. ट्रेमधल्या कोरी गरम असतानाच व्हॅनिलाच्या साखरेत घोळवल्या. गार झाल्या की साखर धरत नाही आणि घाई केली की मोडतात.

डिसेंबरातला दिवस तिथे फार लहान. सव्वाबाराला जोहर, अडीचच्या सुमारास असर आणि सव्वाचारला मगरिब. स्वयंपाकाच्या मध्ये मध्ये आम्ही वर जाऊन नमाज पढून येत होतो. असरला निघालो तेव्हा आजीबाई म्हणाल्या, "कशाला जिने चढता? ती खोली रिकामी आहे." मुलाची खोली होती. भिंतीवर त्याचा शाळेतला फोटो होता. आम्ही पाठ होईल अशी जागा पाहू लागलो, तर त्यांनी न विचारताच फोटो उतरवून कपाटावर पालथा ठेवला. भाच्याने त्यांना केव्हा सांगितले होते कोण जाणे.

लेबकुखेन ओव्हनमध्ये गेले तेव्हा बाहेर अंधार झाला होता. १६० अंशांवर वीस मिनिटे. घरभर तो वास पसरला. आम्ही वरून यखनी घेऊन आलो. मटण तुर्की दुकानातले. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार इथे आले, त्यांच्यामुळे आज हलाल मटणासाठी वणवण करावी लागत नाही. हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले होते की शोरबा कराल तेव्हा पाणी जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. त्या संध्याकाळी आम्ही पाणी जास्त घातले. अम्मीचा गरम मसाला मात्र जपूनच घातला. त्यात दूध नाही, हे बहिणीने दोनदा सांगितले.

शोरबा पिताना आजीबाई त्यांच्या लहानपणाविषयी बोलल्या. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हे जुने शहर जवळजवळ पूर्ण जळाले. त्या तेव्हा लहान होत्या, तळघरात आजीच्या कुशीत होत्या. त्या हिवाळ्यात बदाम कुठले आणि साखर कुठली! आजीने पाण्यात दालचिनीचा एक तुकडा उकळला होता, नुसता वास यावा म्हणून. "मुलगा यंदाही येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण वास घरात हवा."

मग त्यांनीच विचारले, तुमच्या ग्रंथात मरियमविषयी काय आहे? बहिणीने सांगितले, एक पूर्ण सूरह त्यांच्या नावाची आहे. प्रसववेदनांनी त्या खजुरीच्या बुंध्याशी आल्या, एकट्या होत्या, आणि तिथे त्यांना ताजी खजूर आणि वाहते पाणी मिळाले. हजरत ईसांना (अलै.) आम्ही अल्लाहचे पैगंबर मानतो. यापुढे तुमचे आणि आमचे मानणे वेगळे आहे, हेही तिने लपवले नाही. आजीबाई म्हणाल्या, "एकट्या बाळंतिणीला कुणीतरी खायला दिलं, एवढं तर दोघांचं सारखंच आहे." आम्ही बॅगेतून आणलेली खारीक त्यांच्या हातावर ठेवली.

निघताना त्यांनी ताट भरून दिले. वर रुमाल झाकला आणि सांगितले, डब्यात ठेवा आणि सोबत सफरचंदाची फोड ठेवा, म्हणजे लेबकुखेन मऊ राहतात. फोड मात्र दर दोन दिवसांनी बदला. चोवीस तारखेला त्या चर्चला गेल्या, आम्ही घरीच राहिलो. सण त्यांचा होता, शेजार आमचा होता.

परत यायच्या आदल्या दिवशी बहिणीने ताट धुतले. आम्ही पाहत होतो. नुसते ताट परत द्यायचे नाही, ही आपली रीत तिने इतकी वर्षे तिथे पाळली नव्हती. कशी पाळणार? त्या दिवशी तिने नारळाच्या वड्या केल्या, खव्याशिवाय, दुधाशिवाय. वड्या ताटात मांडल्या, जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली, आणि भाच्याला म्हणाली, "आधी जाऊन विचारून ये, आजींना नारळ चालतो ना?"

तो जिना धडाधड उतरत गेला.